दुआ म्हणजे आधी हाक, मग मागणं

कुराणाच्या दुसऱ्या सूरेत (अध्यायात), 171व्या आयतीत (वचनात), एका गुराख्याचा दृष्टान्त आहे. तो जनावरांना ओरडून बोलावतो आहे आणि जनावरांच्या कानावर नुसता आवाज पडतो आहे, अर्थ काहीच पोचत नाही. सांगूनही न समजणाऱ्या माणसांबद्दल ती आयत बोलते. गुराख्याच्या आरोळीसाठी मूळ अरबीत दोन शब्द आले आहेत, त्यांतला पहिला आहे 'दुआ'. दर्ग्याच्या पायरीवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या कानावर पडतो तोच हा शब्द.

मराठीत 'दुआ' किंवा 'दुवा' म्हटलं की प्रार्थना सुचते, आशीर्वाद सुचतो. 'म्हातारीने तोंडभरून दुवा दिला' असं आपण सहज म्हणतो. हे अर्थ चुकीचे नाहीत, पण ते वरचे मजले आहेत. शब्दाच्या पायात आहे ती हाक. हाक मारणं, नाव घेऊन बोलावणं, आवाज देणं. हे एकदा नीट लक्षात घेतलं की इस्लामी परंपरेतल्या बऱ्याच गोष्टी, ज्या बाहेरून पाहणाऱ्याला कोड्यात टाकतात, त्या उलगडू लागतात. काही दुआंमध्ये मागणं का नसतं, नमाज आणि दुआ यांत नेमका फरक काय, मागितलेलं मिळालं नाही तर ती दुआ वाया गेली का, हे सगळे प्रश्न शेवटी या एका अर्थाशी येऊन थांबतात.

अरबी शब्द बहुतेक वेळा तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. 'दुआ'चं मूळ आहे दाल, ऐन आणि वाव. त्यातला 'ऐन' हा घशाच्या आतून येणारा आवाज. तो मराठीत नाही, उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडीही तो उरलेला नाही. म्हणून आपल्याकडे मधलं व्यंजन गळून 'दुआ' राहिलं आणि दोन स्वर लागोपाठ म्हणणं जड जातं म्हणून मराठी जिभेने त्यात 'व' घातला, 'दुवा' झालं. अरबी मुळातही शेवटी वाव आहे, पण हा 'व' त्याचा वारस नाही, तो आपला आपण आणलेला. 'दवा', म्हणजे औषध, हा शब्द ऐकायला जवळचा असला तरी त्याचं मूळ वेगळं आहे, त्यात ऐन नाही. साखळीतला दुवाही वेगळाच.

या मुळातून निघालेले काही शब्द मात्र मराठीत इतके मुरले आहेत की ते 'दुआ'चे सख्खे नातेवाईक आहेत हे कुणाच्या मनातही येत नाही. जेवायला बोलावणं म्हणजे दावत. न्यायालयासमोर आपला हक्क बोलून दाखवणं म्हणजे दावा. दावा लावला की वैर येतंच, म्हणून मराठीत 'दावा साधणे' म्हणजे वैर काढणं असाही अर्थ रूढ झाला. ज्याचा दावा केला ती गोष्ट, ते म्हणणं, अरबीत 'मुद्दआ'. त्याचा आपला 'मुद्दा' झाला, आणि पोलीस ठाण्यातला 'मुद्देमाल'ही त्याच घरचा. दाऊदी बोहरा समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू 'दाई' म्हणवले जातात. दाई म्हणजे बोलावणारा, श्रद्धेकडे हाक देणारा. तबलीगवाले, म्हणजे धर्मप्रसारासाठी फिरणारे, घरोघर जाऊन 'दावत' देतात ती जेवणाची नसते, तीही श्रद्धेचीच. आजच्या अरबी देशांत लग्नाची पत्रिका 'दावत'चीच असते आणि न्यायालयाचं बोलावणं म्हणजे समन्स, त्याचा शब्दही याच मुळातून बनवलेला आहे.

ही यादी गंमत म्हणून दिलेली नाही. फिर्याद, आमंत्रण आणि प्रार्थना या तीन गोष्टी आपल्याला दूरदूरच्या वाटतात. अरबी भाषेला त्या एकाच कृतीची रूपं वाटतात: कुणीतरी कुणालातरी आवाज देतं. पैगंबरांनी आपले साथीदार मुआज इब्न जबल यांना येमेनला पाठवलं तेव्हा जकात, म्हणजे धर्माने ठरवून दिलेला दानाचा वाटा, गोळा करताना लोकांच्या मालातला उत्तम तेवढा उचलू नकोस असं बजावलं आणि पुढे म्हटलं, जुलूम झालेल्याच्या हाकेपासून सांभाळ, तिच्या आणि अल्लाहच्या मध्ये पडदा नसतो. तिथे शब्द आहे 'दअवत'. ती प्रार्थना आहे की फिर्याद, असं विचारण्यात अर्थ नाही. ती दोन्ही आहे.

कुराणात ही हाक कोण कुणाला मारतं, हेही पाहण्यासारखं आहे. दरवेळी माणूसच देवाला हाक मारतो असं नाही. 71व्या सूरेत नूह पैगंबर तक्रार करतात, मी माझ्या लोकांना रात्रंदिवस हाक मारली, पण माझ्या 'दुआ'ने ते आणखीच दूर पळाले. इथे दुआ माणसाची माणसांना आहे. 30व्या सूरेत अल्लाह मेलेल्यांना जमिनीतून एक हाक देईल आणि सगळे बाहेर येतील असं वर्णन आहे. इथे हाक वरून खाली येते. 33व्या सूरेत एका आयतीत जेवणाला बोलावलं तरच आत या आणि जेवण झालं की निघा, असा साधा शिष्टाचार सांगितलाय, तिथलं 'बोलावलं'ही याच मुळातलं. त्याच सूरेच्या सुरुवातीला दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा असा आदेश आहे. त्यानंतर 'जैद इब्न मुहम्मद', म्हणजे मुहम्मदांचा मुलगा, म्हणून ओळखले जाणारे पैगंबरांचे दत्तक पुत्र जैद पुन्हा 'जैद इब्न हारिसा' झाले. दत्तक मुलासाठी तिथे जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'ज्याला तसं म्हटलं जातं तो'.

सर्वांत मोठी परीक्षा घेते ती 24व्या सूरेतली 63वी आयत. 'पैगंबरांची दुआ ही तुमच्या आपसांतल्या दुआसारखी समजू नका', असं तिथे म्हटलंय. आता याचा अर्थ काय? जुन्या भाष्यकारांनी तीन सांगितले. एक, पैगंबरांनी बोलावलं तर ते बोलावणं शेजाऱ्याच्या बोलावण्यासारखं हलक्यात घेऊ नका. दोन, तुम्ही एकमेकांना जशी नुसत्या नावाने हाक मारता तशी त्यांना मारू नका, 'अल्लाहचे रसूल' म्हणा. तीन, त्यांनी कुणासाठी किंवा कुणाविरुद्ध केलेली प्रार्थना तुमच्या प्रार्थनांच्या पंक्तीत बसवू नका. बोलावणं, नाव घेणं, प्रार्थना, तिन्ही अर्थ त्या एका शब्दात चपखल बसतात आणि व्याकरण एकाचीही बाजू घेत नाही. भाषांतर करणाऱ्याला मात्र एक निवडावाच लागतो, आणि तो निवडला की बाकीचे दोन वाचकाला कधी दिसतच नाहीत. कुराणाची दोन मराठी किंवा उर्दू भाषांतरं एखाद्या आयतीवर वेगळं बोलत असतील तर दरवेळी त्यामागे पंथभेदच असेल असं समजू नये. पुष्कळदा ते शब्दाच्या रुंदीमुळे होतं.

राघिब अल-इस्फहानी या कोशकाराने हाकेसाठीच्या दोन शब्दांत एक सुंदर फरक दाखवला आहे. 'निदा' म्हणजे पुकारा. नुसतं 'अहो', 'अरे' म्हटलं तरी तो होतो. 'दुआ' मात्र बहुधा नाव घेतल्याशिवाय होत नाही. गर्दीत कुणीतरी मागे वळावं म्हणून घातलेली साद वेगळी आणि एका विशिष्ट माणसाला नावाने दिलेली हाक वेगळी. म्हणूनच बहुतेक दुआ 'अल्लाहुम्मा' किंवा 'रब्बना' अशा संबोधनाने सुरू होतात. 'अल्लाहुम्मा' म्हणजे 'हे अल्लाह', 'रब्बना' म्हणजे 'आमच्या पालनकर्त्या'. संबोधन ही दुआची प्रस्तावना नाही, या अर्थाने पाहिलं तर तीच दुआ आहे, पुढची वाक्यं तिच्या पोटात येतात.

व्याकरणाचा आणखी एक बारकावा सांगायलाच हवा. दुआतली क्रियापदं आज्ञार्थी असतात: दे, क्षमा कर, वाट दाखव. मराठी माणसाला यात काही वावगं वाटणार नाही, आपणही देवाला 'तू' म्हणतो आणि 'पाव' म्हणतो. अरबी अलंकारशास्त्राने मात्र याची नीट व्यवस्था लावली. तेच आज्ञार्थी रूप मोठ्याने धाकट्याला उद्देशून वापरलं तर 'अम्र', हुकूम. बरोबरीच्याला वापरलं तर 'इल्तिमास', विनंती. आणि धाकट्याने मोठ्याला वापरलं तर 'दुआ'. क्रियापद बदलत नाही, बोलणारा कुठे उभा आहे ते पाहून नाव बदलतं. याहून विलक्षण म्हणजे भूतकाळी दुआ. दिवंगत माणसाच्या नावापुढे 'रहिमहुल्लाह' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ 'अल्लाहने त्याच्यावर दया केली'. समजायचं मात्र 'दया करो'. आशा इतकी पक्की की क्रियापद झाल्या गोष्टीचं घेतलं. आपल्याकडे मुसलमान घरांत गेलेल्या माणसाला 'मरहूम' म्हणतात, तो शब्दही त्याच दयेच्या मुळातला, ज्याच्यावर दया झाली तो. म्हणजे नुसतं 'मरहूम अब्बा' म्हटलं तरी एक छोटी दुआ होऊन जाते.

हाक कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरुद्ध हे अरबीत शब्दयोगी अव्ययाने ठरतं. 'दआ लहू' म्हणजे त्याच्यासाठी दुआ केली. 'दआ अलैहि' म्हणजे त्याच्यावर, त्याच्या वाईटासाठी केली, शाप दिला. उर्दूला त्यासाठी फारसीतलं 'बद' जोडून 'बददुआ' करावं लागलं. 17व्या सूरेत माणसाची एक खोड सांगितली आहे, तो भलं मागावं तसं वाईटही मागून बसतो, कारण तो उतावीळ आहे. भाष्यकार म्हणतात, ही रागाच्या भरात स्वतःला आणि पोराबाळांना घातलेल्या शिव्याशापांची गोष्ट आहे. कामाच्या धबडग्यात आई पोराला 'मर मेल्या' म्हणते, आणि तसं घडावं असं तिच्या मनात कधीच नसतं. स्वतःविरुद्ध, मुलांविरुद्ध, मालमत्तेविरुद्ध दुआ करू नका, असं हदीसमध्येही, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-आचरणाच्या नोंदींमध्येही, स्पष्ट सांगितलंय.

आता मागणं नसलेल्या दुआंकडे येऊ, कारण माझ्या मते या शब्दाचा गाभा तिथे आहे.

माशाच्या पोटात अडकलेले यूनुस पैगंबर काय म्हणतात? 'तुझ्याखेरीज कुणी उपास्य नाही, तू पवित्र आहेस, मीच अपराधी होतो.' बस्स. 'मला बाहेर काढ' हे शब्द त्यात नाहीत. आजाराने खंगलेले अय्यूब म्हणतात, 'मला दुःखाने गाठलंय आणि तू दयाळूंमध्ये सर्वांत दयाळू आहेस.' बरं कर, असं म्हणत नाहीत. इजिप्तमधून जीव घेऊन पळालेले मूसा मदयनच्या विहिरीवर दोन मुलींच्या शेळ्यामेंढ्यांना पाणी पाजतात, सावलीत जाऊन बसतात आणि म्हणतात, 'पालनकर्त्या, तू माझ्याकडे जे काही भलं पाठवशील त्याची मला गरज आहे.' ना घर मागितलं, ना भाकरी. पुढच्याच आयतीत त्या दोघींपैकी एक लाजत चालत येते आणि वडिलांनी बोलावल्याचा निरोप देते. तिथलं 'बोलावलंय' हे क्रियापदसुद्धा दाल-ऐन-वावचंच आहे. मूसांनी हाक मारली आणि उत्तर म्हणून त्यांनाच हाक आली. इतक्या थोड्या शब्दांत इतकं बांधलेलं क्वचितच सापडतं.

मक्केचे विद्वान सुफयान इब्न उयैना, ज्यांचा मृत्यू 814 साली झाला, यांना एकाने हाच प्रश्न विचारला होता. हजमधल्या अरफातच्या दिवशीची सर्वोत्तम दुआ म्हणून हदीसमध्ये जे वाक्य आलंय ते 'अल्लाहखेरीज कुणी उपास्य नाही, तो एक आहे, त्याला भागीदार नाही' या धर्तीचं आहे. यात तर नुसती स्तुती आहे, मागणं कुठे आहे? सुफयाननी उत्तरादाखल इस्लामपूर्व काळातला उमय्या नावाच्या कवीचा प्रसंग सांगितला. उमय्या मक्केतल्या एका उदार धनिकाकडे काही मागायला गेला आणि त्याने कवितेत म्हटलं, माझी गरज बोलून दाखवू, की तुझा सौजन्यशील स्वभाव पुरेसा आहे? तुझी कुणी स्तुती केली की त्याला वेगळं मागायची गरज उरत नाही. सुफयान म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत स्तुतीच मागणं ठरते, मग निर्मात्याच्या बाबतीत का ठरू नये?

पुढच्या विद्वानांनी याची दोन नावं पाडली: मागण्याची दुआ आणि इबादतीची दुआ, म्हणजे उपासनेची. हदीसमध्ये 'दुआ हीच इबादत आहे' असं वाक्य आहे, ते इथे लागू पडतं. प्रवासाला निघताना म्हणायची दुआ घ्या. 'हे वाहन ज्याने आमच्या ताब्यात दिलं तो पवित्र आहे, नाही तर आम्हाला हे जमलं नसतं, आणि आम्ही आमच्या पालनकर्त्याकडेच परतणार आहोत.' हे शब्द कुराणात होड्या आणि जनावरांच्या संदर्भात आलेत. आज कोकणातून आखातात नोकरीला जाणारा तरुण तेच शब्द विमानात बसताना पुटपुटतो, आणि सौदी अरेबियाच्या सरकारी विमान कंपनीत तर उड्डाणाआधी प्रवासाची दुआ ऐकवली जाते. त्या आयतीत सुखरूप पोचव असं एकही अक्षर नाही. तरी तिला सगळे दुआच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

इथेच नवसाचा फरकही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ फार होते. 'माझं काम झालं तर मी अमुक करीन' ही मन्नत, अरबीत 'नज्र'. ती बोलली तर फेडावी लागते, पण नवसाने काही पुढे-मागे होत नाही, त्याने फक्त कंजुसाच्या हातून काहीतरी सुटतं, असं हदीस म्हणते. दुआला अट नसते.

आता 'सलात'. दिवसातून पाच वेळा ठरलेल्या वेळी, वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन), किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाकडे, तोंड करून, उभं राहणं, वाकणं (रुकू), कपाळ टेकणं (सजदा) या क्रमाने होणारी उपासना म्हणजे सलात. आपण तिला 'नमाज' म्हणतो. तो फारसी शब्द इस्लामच्या आधीपासून इराणात होता आणि संस्कृत 'नमस्'शी त्याचं रक्ताचं नातं आहे, म्हणजे 'नमाज' आणि 'नमस्कार' हे लांबचे भाऊ लागतात. सलात आणि दुआ यांतला ढोबळ फरक हा की सलातीला वेळ, दिशा, शुद्धी, भाषा आणि क्रम यांचं बंधन आहे. दुआला यांतलं काहीच बंधन नाही. चालताना, अंथरुणात पडून, मालवणीत, मनातल्या मनात, केव्हाही चालते.

पण गोष्ट इतकी सरळ असती तर लिहायची गरजच नव्हती. जुन्या अरबी कोशकारांना विचारलं, 'सलात'चा मूळ अर्थ काय, तर बहुतेक जण सांगतात: दुआ! ते पुरावा म्हणून अल-आशा या कवीच्या ओळी देतात. हा पैगंबरांचा समकालीन, मुसलमान न झालेला, भटका कवी. तो प्रवासाला निघतो तेव्हा त्याची मुलगी म्हणते, देवा, माझ्या वडिलांना आजारांपासून आणि वेदनांपासून दूर ठेव. त्यावर तो तिला म्हणतो, तू जी सलात केलीस तशीच तुलाही लाभो, आता डोळे मीट आणि झोप. इथे ना वुजू आहे ना सजदा. बापासाठी लेकीने काढलेला एक शब्द आहे, आणि कवी त्याला सलात म्हणतो. अरामी भाषेत प्रार्थनेला 'स्लोता' म्हणत. यहुदी आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडचा तो शब्द अरबांना अपरिचित नव्हता, आणि कुराणाच्या जुन्या लिपीत 'सलात' आलिफऐवजी वाव घालून लिहितात, त्यातही भाषाशास्त्रज्ञांना त्या शेजाराची खूण दिसते.

हा जुना अर्थ कुराणात आणि हदीसमध्ये ठिकठिकाणी शिल्लक आहे. जेवायला बोलावलं तर जा आणि उपास असेल तर 'सलात करा' असं एक हदीस सांगते. यजमानाच्या घरी जाऊन कुणी नमाज पढत उभं राहत नाही. अर्थ असा की त्याच्यासाठी दुआ करा. 17व्या सूरेत 'आपली सलात फार मोठ्याने करू नका, फार हळूही नको' असं आहे, आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात की ते दुआबद्दल आहे. 33व्या सूरेत तर अल्लाह आणि त्याचे फरिश्ते पैगंबरांवर सलात पाठवतात. स्वतः अल्लाह कुणाची उपासना करणार? म्हणून तिथे अर्थ होतो कृपा आणि गौरव, फरिश्त्यांच्या बाबतीत दुआ. त्याच आयतीवरून मुसलमान जे म्हणतात त्याला आपल्याकडे 'दरूद' हा फारसी शब्द आहे. आणि मघाचं 'अलैहि'मधलं ते अव्यय, 'अला', आठवा: दुआला 'अला' जोडलं की शाप होतो, सलातीला तेच 'अला' जोडलं की कृपा होते. समानार्थी शब्द असले तरी ते अव्ययांशी सारखे वागतीलच असं नाही.

जनाज्याची, म्हणजे अंत्यविधीची, नमाज पाहिली की हा जुना अर्थ डोळ्यांना दिसतो. तिचं नाव सलातच आहे, रांगा लागतात, इमाम पुढे उभा राहतो, चार तकबिरी, म्हणजे 'अल्लाहु अकबर'चे उच्चार, होतात. पण त्यात रुकू नाही, सजदा नाही. सगळे उभेच असतात. कारण ती आहेच मुळी दुआ, गेलेल्या माणसासाठी सगळ्यांनी मिळून केलेली. पहिल्यांदाच जनाज्याला गेलेले हिंदू मित्र 'इतक्या लवकर झाली?' असं विचारतात, त्याचं उत्तर या शब्दाच्या इतिहासात आहे.

पावसाच्या प्रार्थनेचंही असंच. मराठवाड्यात दुष्काळ पडला की ईदगाहवर लोक जमतात ती 'इस्तिस्का'ची नमाज. 767 साली वारलेले इमाम अबू हनीफा यांचं मत होतं की इस्तिस्का म्हणजे दुआ आणि क्षमायाचना, त्यासाठी जमातीने नमाज पढणं ही काही ठरलेली सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत, नाही. त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद अल-शैबानी यांनी, दोन रकात (उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचं एक आवर्तन म्हणजे रकात) नमाज आहे असं सांगितलं. एकाच घराण्यातले गुरू-शिष्य दुआ आणि सलात यांच्यामधली रेघ वेगवेगळ्या जागी ओढतात, तेव्हा ती रेघ किती पुसट आहे हे कळतं.

आपल्या महाराष्ट्रातच एक फरक रोज दिसतो. मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे अबू हनीफांची परंपरा मानणारे, तर रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफईंची मानणारे. हनफी 'दुआ-ए-कुनूत' रात्रीच्या वित्र नमाजेत म्हणतात. शाफई ती रोज पहाटे फजरच्या दुसऱ्या रकातीत, रुकूमधून उठल्यावर, हात वर करून म्हणतात आणि मागची मंडळी आमीन म्हणते. लातूरचा माणूस पहिल्यांदा दापोलीकडच्या मशिदीत फजरला उभा राहिला की मध्येच हात उठलेले पाहून गोंधळतो. तिथे सलातीच्या पोटात दुआ चालू असते.

तसं पाहिलं तर प्रत्येक सलातीच्या पोटात दुआ असतेच. फातिहा ही सूरा फर्ज (अनिवार्य) नमाजेच्या 17 रकातींत रोज येते आणि तिच्या उत्तरार्धात 'आम्हाला सरळ वाट दाखव' ही दुआ आहे. एका हदीसमध्ये अल्लाह म्हणतो, 'सलात मी माझ्यात आणि माझ्या दासात अर्धी अर्धी वाटली आहे', आणि मग फातिहाच्या एकेका ओळीला तो काय उत्तर देतो ते येतं. तिथे 'सलात' म्हणजे फातिहाच.

उत्तर देतो, हा शब्द महत्त्वाचा. दुआ 'कबूल' होते असं आपण म्हणतो, पण कुराणात फार वेळा जो शब्द येतो तो 'इजाबत'. त्याचं मूळ तेच, ज्यातून आपला 'जबाब' आला. हाकेला जबाब. दुसऱ्या सूरेची 186वी आयत म्हणते, 'माझे दास तुला माझ्याबद्दल विचारतील तर मी जवळ आहे. हाक मारणारा मला हाक मारतो तेव्हा मी त्याला जबाब देतो.' कुराणात इतरत्र 'लोक तुला विचारतात' असं आलं की बहुधा पुढे 'त्यांना सांग' असं येतं. इथे 'सांग' नाही. मधला निरोप्या गाळून थेट 'मी जवळ आहे'. भाष्यकारांनी हे फार पूर्वीच टिपून ठेवलंय.

मग मागितलेलं मिळत नाही त्याचं काय? परंपरेचं म्हणणं असं की जबाब म्हणजे मागितलेली वस्तूच असं नाही. हदीसमध्ये तीन शक्यता दिल्या आहेत: ते मिळतं, किंवा परलोकासाठी ठेवलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. आणि एक ताकीद आहे: 'मी दुआ केली, पण काही झालं नाही' असं म्हणून घाई करू नका. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला हे उत्तर पुरतं का? मला वाटतं नेहमी पुरत नाही, आणि तसं कुणी तिला ऐकवूही नये. अय्यूबांची गोष्ट तिच्यासाठी जास्त खरी आहे, कारण त्यात समजावणी नाही, नुसतं दुःख सांगितलेलं आहे.

सगळं आधीच लिहिलेलं असेल तर दुआ कशाला, असाही एक जुना प्रश्न. 1111 साली वारलेले धर्मचिंतक गझाली म्हणतात, बाण यायचा ठरलेला असला तरी ढाल घेणं थांबत नाही, आणि बी रुजायचं ठरलेलं असलं तरी पाणी घालावंच लागतं. संकट जसं लिहिलेलं असतं तसं दुआने ते टळणंही लिहिलेलं असू शकतं.

शेवटी वापराचं थोडं. आपल्याकडचे मुसलमान 'दुआ पढणं' आणि 'दुआ मागणं' असं वेगळं बोलतात. पढायची ती ठरीव, अरबीतली, जेवणाची, झोपेची, घरातून निघतानाची. मागायची ती स्वतःच्या शब्दांत, हात उघडे धरून. लहान मुलांना आधी पढायच्या शिकवतात, त्यामुळे पुष्कळांना वाटत राहतं की अरबी आलं नाही तर दुआच होत नाही. तसं काही नाही. नमाजेबाहेर कुठलीही भाषा चालते.

आणि कुणी निरोप घेताना 'दुआ में याद रखना' म्हणालं तर ते नुसतं शिष्टाचाराचं वाक्य समजू नका. पाठीमागे, त्या माणसाला कळू न देता केलेल्या दुआला हदीसमध्ये वेगळा मान आहे: तिथे एक फरिश्ता 'आमीन, आणि तुलाही तसंच' म्हणतो. 'जरूर, तुम्हीही ठेवा' एवढं उत्तर पुरेसं आहे, आणि नंतर खरोखर त्या माणसाचं नाव घ्यावं.